तळ्याकाठचे व्यासपीठ : शटॉक्वा संस्थेची दीडशे वर्षे

व्याख्यानमालेच्या स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडच्या संस्थेचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, एका लांबट तळ्याच्या काठी, तंबू ठोकून असाच उद्योग सुरू झाला होता. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे काही नाही. पण सुट्टीचे दिवस, मोकळी हवा, उभा वक्ता आणि बसलेली माणसे ही मांडणी दोन्हीकडे तीच. मंडपाचा खर्च, वक्त्याचे मानधन आणि रिकाम्या खुर्च्या या काळज्याही त्याच. म्हणून शटॉक्वाची हकीकत आपल्या कामाची आहे. शिवाय १९२९च्या उन्हाळ्यात तिथे एक वक्त्या विमानाने आल्या आणि गोल्फच्या मैदानावर उतरल्या, ती गोष्ट सांगण्याचा मोहही आहेच.

शटॉक्वा हे तळ्याचे नाव, जिल्ह्याचे नाव आणि संस्थेचेही. संस्थेचे जनक दोघे. लुईस मिलर हा ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावचा कारखानदार. शेतातली कापणीयंत्रे बनवायची, त्यांची पेटंटे घ्यायची आणि रविवारी चर्चच्या शाळेत पोरांना शिकवायचे, असा त्याचा दिनक्रम. दुसरा जॉन हेल व्हिन्सेंट, मेथडिस्ट पंथाचा पाद्री. त्या पंथात तेव्हा रानात तंबू ठोकून आठवडाभर चालणारे मेळे भरत: प्रवचने, सामुदायिक गाणी, पापांची जाहीर कबुली, रडारड. व्हिन्सेंटला हा भावनेचा पूर मनापासून नापसंत होता. अंगात आल्यासारखे करण्यापेक्षा माणसाने चार गोष्टी शिकून घरी जावे, असे त्याचे मत. मेळ्याची जागा आणि तंबू तेच ठेवून आत शाळा भरवायची, अशी युक्ती दोघांनी काढली. तळ्याकाठच्या फेअर पॉइंट नावाच्या जागी ४ ऑगस्ट १८७४ रोजी पहिला मेळावा सुरू झाला. रविवारच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचे शिबिर, एवढाच तो प्रकार होता.

पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट तळ्यातून आगबोटीने तिथे आले. व्हिन्सेंट पूर्वी गलीना गावी पाद्री होता, तेव्हा ग्रँट कुटुंब त्याच्या चर्चमध्ये येत असे. ती ओळख कामी आली. मोठा पाहुणा आणायचा तर कार्यवाहांच्या जुन्या ओळखी कामाला लावाव्या लागतात, हे आपल्याकडे कुणाला वेगळे सांगायला नको. ग्रँट फारसे बोलले नाहीत. ते बोलके नव्हतेच. पण राष्ट्राध्यक्ष येऊन गेले म्हटल्यावर वर्तमानपत्रांना शटॉक्वा कुठे आहे ते शोधावे लागले.

त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक वस्तू अजून जागेवर आहे. बायबलमधला भूगोल शिकवण्यासाठी काठावर पॅलेस्टाइनची जमीनच लहान प्रमाणात उभी केली होती. मातीचे डोंगर, जॉर्डन नदी, मृत समुद्राचे डबके, आणि भूमध्य समुद्राच्या जागी साक्षात शटॉक्वा तळे. शिक्षक हातात काठी घेऊन या डोंगरावरून त्या डोंगरावर पाऊल टाकत धडा घेत. तिथे आजही मुले खेळतात.

शटॉक्वाची टाळ्यांऐवजीची रीत मात्र मला या सगळ्यापेक्षा प्रिय आहे. १८७७ साली एस. एल. ग्रीन नावाच्या मूकबधिर वक्त्याने खुणांच्या भाषेत बायबलमधल्या कथा सांगितल्या. लोक टाळ्या वाजवू लागले. व्हिन्सेंटच्या लक्षात आले की ज्याच्यासाठी टाळ्या वाजताहेत त्याला त्या ऐकूच येणार नाहीत. त्याने श्रोत्यांना खिशातले रुमाल काढून हलवायला सांगितले. हजारो पांढरे रुमाल एकदम हवेत हलले. ‘शटॉक्वाचा सलाम’ म्हणून ही प्रथा रूढ झाली. ऊठसूट कुणालाही रुमाल हलवले तर त्याची किंमत जाईल, हे ओळखून व्हिन्सेंटने तो मोजक्या प्रसंगांपुरताच राखून ठेवला. आपल्याकडे शाल-श्रीफळाचे काय झाले ते पाहिले की या पाद्र्याची दूरदृष्टी पटते.

१८७८ साली व्हिन्सेंटने वाचनमंडळ काढले. नाव लांबलचक: शटॉक्वा साहित्य व विज्ञान मंडळ. ज्यांना कॉलेजात जाता आले नाही अशांसाठी चार वर्षांचा वाचनाचा अभ्यासक्रम. पुस्तके ठरलेली, प्रश्नपत्रिका टपालाने, अभ्यास घरी. पहिल्याच वर्षी ८,४०० जणांनी नावे घातली. शेतकऱ्यांच्या बायका, दुकानातले कारकून, दूरच्या खाणींच्या वस्त्यांवरच्या मास्तरणी यांनी आपापल्या गावात मंडळे काढली. १८८२ साली पहिली तुकडी ‘पदवीधर’ झाली, तेव्हा फुले उधळणाऱ्या मुलींच्या मधून, कमानीखालून, त्यांची मिरवणूक निघाली. चार वर्षे रात्री दिव्यापाशी वाचलेल्या बाईला पदवीदानाचा थाट मिळाला पाहिजे, हे ज्याला सुचले तो संस्थाचालक म्हणून थोरच म्हणायचा. हे मंडळ आजही चालू आहे. अमेरिकेतले सर्वांत जुने सलग चाललेले वाचनमंडळ म्हणून त्याचे नाव घेतात.

या वाचनमंडळाच्या सल्लागारांपैकी एक होते एडवर्ड एव्हरेट हेल, बोस्टनचे धर्मोपदेशक आणि लेखक. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या कारणाने माहीत असायला हवे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढची दोन वर्षे त्यांनी गावोगाव व्याख्याने देत अमेरिका पालथी घातली. १८८७च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, त्याचे पहिले अध्यक्ष हेच हेल. त्या असोसिएशनने दहा वर्षे पैसे पाठवण्याची हमी घेतली, म्हणून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडू शकले. वर्गणी देणाऱ्यांत मोठा भरणा गावोगावच्या चर्चमंडळांतल्या आणि वाचनगटांतल्या बायकांचा होता. एका परक्या देशातल्या विधवांविषयी तासभर ऐकून पर्स उघडणारा श्रोता असा अचानक तयार होत नाही. त्याला ऐकण्याची सवय कुणीतरी लावलेली असते.

स्त्रियांच्या बाबतीत शटॉक्वाचा इतिहास सरळ नाही, आणि म्हणूनच वाचण्यासारखा आहे. १८७४च्या त्या पहिल्याच मेळाव्यात जमलेल्या बायकांनी दारूबंदीसाठी देशव्यापी संघटना काढण्याचा बेत केला आणि नोव्हेंबरात क्लीव्हलंडला ती स्थापन झालीही. पुढे १८९०च्या दशकात सुझन बी. अँथनी यांनी इथून मताधिकाराची बाजू मांडली. गंमत अशी की व्हिन्सेंट स्वतः स्त्रियांच्या मताधिकाराच्या विरोधात होता. त्याला न पटणारे विचार त्याच्याच व्यासपीठावरून मांडले गेले, आणि ते मांडायला आलेल्या बाईला त्याच्याच संस्थेने खुर्ची दिली. अशा संस्था फार नसतात.

थट्टाही भरपूर झाली. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८९ साली हिंदुस्थान सोडून अमेरिकेमार्गे विलायतेला जाताना इथे डोकावला आणि अलाहाबादच्या ‘पायोनियर’साठी त्याने या सात्त्विक मंडळींवर खवचट लेख लिहिला. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स १८९६ साली इथे आठवडाभर राहिला. ना गुन्हा, ना दारिद्र्य, ना दारू. सगळे सुशिक्षित, सगळे सज्जन, आणि मोहाची परमावधी म्हणजे आइस्क्रीम सोडा. पहिले दिवस तो भारावला. बाहेर पडल्यावर मात्र सुटलो रे बाबा म्हणून त्याने मोकळा श्वास घेतला, आणि तसे छापूनही टाकले. त्याची तक्रार खोटी नव्हती. रविवारी फाटक बंद, तळ्यातून बोट लागायची नाही, आवारात दारूचा थेंब नाही. आमच्या काही जुन्या व्याख्यानमालांतही हा गुणी मुलाचा कंटाळा असतो, हे मान्य केलेले बरे.

शटॉक्वा नावाचे पुढे जे झाले त्यावर संस्थेचा ताबा राहिला नाही. १९०४ साली कीथ व्हॉटर नावाच्या धंदेवाईक माणसाने फिरत्या तंबूंची कल्पना काढली आणि नाव तेच वापरले. मूळ संस्थेशी संबंध काडीचा नाही. तंबू तपकिरी कापडाचा, कारण पांढरा तंबू म्हणजे सर्कस असा लोकांचा समज. गावोगाव आठवडाभराचा कार्यक्रम. पहिल्या दिवसाचा वक्ता दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी, त्याच्या मागून दुसऱ्या दिवसाचा, अशी साखळी. व्याख्यान, वाद्यवृंद, जादूगार, नकलाकार, पुन्हा व्याख्यान. तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन तंबूत मात्र कधी हरले नाहीत. रसेल कॉन्वेल नावाच्या धर्मोपदेशकाने तर एकच व्याख्यान जन्मभरात सहा हजारांहून अधिक वेळा दिले. आपल्याकडच्या कीर्तनकारालाही हेवा वाटावा असा आकडा.

या फिरत्या धंद्याची मेख करारात होती. गावातले व्यापारी, डॉक्टर, शाळामास्तर यांच्याकडून आधी हमीपत्रावर सह्या घेत: इतक्या रकमेची तिकिटे खपलीच पाहिजेत, कमी पडले तर सह्या करणाऱ्यांनी खिशातून भरायचे. शेवटच्या दिवशी, लोक खुशीत असताना, पुढच्या वर्षाच्या कागदावरही सह्या घेत. पाऊस लागला, पीक बुडाले, जवळच्या गावी सिनेमा आला, की भुर्दंड या मंडळींना. १९२४ साली हा उद्योग शिखरावर होता. त्यानंतर घसरण इतकी झपाट्याने झाली की आठ-नऊ वर्षांत तंबू गुंडाळले गेले. मोटार आली, रेडिओ घराघरांत शिरला, बोलपट सुरू झाले. व्याख्यान ऐकायला वक्त्याने गावात यायची गरज उरली नाही.

तळ्याकाठी मात्र वेगळेच चालले होते. १९२९ साली मूळ संस्थेने स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला आणि त्याच वर्षी ऑपेरासाठी नॉर्टन हॉल बांधला. चार वर्षांपूर्वी जॉर्ज गर्शविन इथे राहून आपल्या पियानो कंचेर्टोचा भाग लिहून गेला होता. अध्यक्ष आर्थर बेस्टर यांचे धोरण साधे होते. जे रेडिओवर येत नाही ते इथे द्यायचे, आणि जे रेडिओवर येते ते माणूस समोर बसवून द्यायचे. बांधकामे कर्ज काढून होत होती. त्याचे पुढे व्हायचे ते झालेच.

त्या उन्हाळ्यात अमेलिया इअरहार्ट आल्या.

त्यांचे विमान उतरले ते संस्थेच्या गोल्फच्या मैदानावर. हा वेडेपणा नव्हता. तेव्हाची हलकी विमाने कमी वेगाने टेकत. काही शे मीटर लांब, सपाट, कापलेल्या गवताची पट्टी मिळाली की भागे. गोल्फच्या मैदानात चेंडू मारायची मोकळी लांब पट्टी नेमकी अशीच असते. वाळूचे खड्डे, कडेची झाडे आणि भान हरपून खेळणारे सभासद एवढे सांभाळले की झाले. शटॉक्वाचे मैदान डोनाल्ड रॉस या नामांकित आरेखकाने आखलेले, आवाराच्या फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी जिथे राष्ट्राध्यक्ष आगबोटीने आले, तिथे आता पाहुण्या आकाशातून येत होत्या, आणि त्यांचे विमान बघायला जमलेल्या गर्दीत कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदाच विमान हाताच्या अंतरावर पाहिले असणार.

इअरहार्ट तेव्हा बत्तिशीला पोचत होत्या. जन्म २४ जुलै १८९७चा, कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन या मिझुरी नदीकाठच्या लहान गावातला. १९२१ साली नेटा स्नूक नावाच्या स्त्री-वैमानिकाकडे त्या विमान चालवायला शिकल्या आणि त्याच वर्षी किनर कंपनीचे पिवळे दोन पंखांचे विमान घेतले. त्याचे नाव ठेवले ‘कॅनरी’. विमान चालवण्यावर पोट भरत नव्हते. १९२८ साली त्या बोस्टनच्या डेनिसन हाउस या समाजसेवी संस्थेत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना इंग्रजी शिकवत होत्या, तेव्हा अटलांटिक ओलांडण्याचे निमंत्रण आले. ‘फ्रेंडशिप’ विमान न्यूफाउंडलंडमधून निघाले आणि २० तास ४० मिनिटांनी वेल्सच्या किनाऱ्याला लागले. अटलांटिक विमानाने ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचा जयजयकार झाला. पण विमान चालवले विल्मर स्टुल्ट्झने. यंत्र सांभाळायला लू गॉर्डन होता. मी नुसते सामान होते, बटाट्याचे पोते, असे त्या स्वतःच सांगत सुटल्या. फुकट मिळालेल्या प्रसिद्धीचा हा सल त्यांना चार वर्षे टोचत राहिला.

म्हणजे शटॉक्वाच्या मंचावर उभ्या राहिल्या त्या बाई जगप्रसिद्ध होत्या, पण ज्यासाठी प्रसिद्ध होत्या ते त्यांच्या मते त्यांनी केलेच नव्हते. व्याख्यानमालेत आलेला पाहुणा बहुधा मागच्या कर्तबगारीवर बोलतो. इअरहार्ट ज्या वयात आणि ज्या वर्षी इथे आल्या त्या वेळी त्यांची कर्तबगारी पुढे होती.

त्या काळात त्यांचे काम दुहेरी होते. ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात विमानविषयक स्तंभ, आणि नव्याने सुरू झालेल्या ट्रान्सकॉन्टिनेंटल एअर ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी. ही कंपनी दिवसा विमान आणि रात्री आगगाडी असा जोड देऊन प्रवाशाला ४८ तासांत अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोचवी. रात्री उडणे धोक्याचे, म्हणून आगगाडी. इअरहार्ट यांच्याकडे काम होते बायकांच्या मनातली विमानाची भीती घालवण्याचे. बायका उडायला भितात आणि नवऱ्यालाही उडू देत नाहीत, हा कंपन्यांचा हिशोब. हा हिशोब अगदीच चुकीचा नसावा. त्यांची त्या काळची भाषणे आणि लेख याच धाटणीचे आहेत: विमानप्रवास म्हणजे मरणाशी खेळ नव्हे, ते वाहन आहे, बाईने त्यात बसावे, आणि जमले तर चालवावेही. शटॉक्वाच्या लाकडी बाकांवर बसणाऱ्या गृहिणी, मास्तरणी आणि वाचनमंडळाच्या सभासद, हाच त्यांचा नेमका श्रोतृवर्ग.

ते वर्ष स्त्री-वैमानिकांचे होते. ऑगस्टात कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकापासून ओहायोतल्या क्लीव्हलंडपर्यंत बायकांची पहिली मोठी विमानशर्यत झाली. विल रॉजर्स या विनोदी लेखकाने तिला पावडर-पफ शर्यत म्हणून हिणवले. शर्यतीत मार्व्हल क्रॉसन ही वैमानिक कोसळून मेली, तेव्हा शर्यत थांबवा म्हणून ओरड झाली. बाकीच्या थांबल्या नाहीत. लुईझ थेडन पहिल्या आल्या, ग्लॅडिस ओ’डॉनेल दुसऱ्या, इअरहार्ट तिसऱ्या. त्यानंतर २ नोव्हेंबरला लाँग आयलंडवरच्या एका विमानतळावर २६ जणी जमल्या. त्या वेळी अमेरिकेत परवाना असलेल्या स्त्री-वैमानिक ११७ होत्या. सगळ्यांना पत्रे गेली, ९९ जणी सभासद झाल्या. संघटनेच्या नावावरून वाद चालला होता. जितक्या सभासद तितकाच आकडा नाव म्हणून घ्यावा, असे ठरले. ‘नाइंटी-नाइन्स’ आजही आहे. इअरहार्ट १९३१ साली तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

आता व्याख्यानांच्या व्यवहाराबद्दल, कारण तो व्याख्यानमाला चालवणाऱ्यांनी कधी नीट मांडलेला नाही. १९३२च्या २० मे रोजी इअरहार्ट न्यूफाउंडलंडमधून एकट्या उडाल्या आणि पंधरा तासांच्या आत उत्तर आयर्लंडमध्ये डेरीजवळच्या एका कुरणात उतरल्या. बटाट्याच्या पोत्याचा हिशोब चुकता झाला. पण विक्रमी उड्डाणाला पैसा लागतो, आणि विक्रमाचे बक्षीस क्वचितच मिळते. तो पैसा गावोगावच्या सभागृहांतून आला. एका व्याख्यानाला अडीचशे-तीनशे डॉलर मानधन. १९३५ या एका वर्षात त्यांनी सव्वाशेहून अधिक व्याख्याने दिली आणि श्रोत्यांची बेरीज ८० हजारांच्या घरात गेली. आणि गंमत अशी की या दौऱ्यांत त्या बहुधा विमानाने जातच नसत. धुके आले, वादळ आले तर विमान अडकणार. संध्याकाळी आठला मंचावर उभे राहायचे तर मोटारच बरी. रात्री व्याख्यान, मग ओळखीपाळखी आणि सह्या, मग पुढच्या गावाचा रस्ता. स्वतःच गाडी चालवत. विमानप्रवास सुरक्षित आणि वक्तशीर असतो असे सांगण्यासाठी बाई रात्रभर मोटार हाकताहेत, हे चित्र मला त्यांच्या सगळ्या विक्रमांहून जास्त आवडते.

त्यांचे पती जॉर्ज पामर पुटनम प्रकाशक आणि पक्का धंदेवाला. दौऱ्यांची आखणी तो करी. त्याने बायकोला लिहिलेल्या सूचना प्रसिद्ध आहेत: वाक्याच्या शेवटी आवाज खाली पाडू नकोस, पडद्यावरचे चित्र दाखवताना श्रोत्यांकडे पाठ करू नकोस, छायाचित्रात ओठ मिटून हस, दातांमधली फट दिसते, आणि त्या टोप्या आधी टाकून दे. शेवटचे सोडले तर आपल्याकडच्या कितीतरी विद्वानांना हाच कागद निमंत्रणपत्रासोबत पाठवायला हरकत नाही.

व्याख्यानांनी आणखी एक दार उघडले. १९३४ साली न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत त्यांचे भाषण पर्ड्यू विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ऐकले आणि पुढच्या वर्षी त्यांना मुलींच्या करिअरच्या सल्लागार म्हणून बोलावले. त्याच विद्यापीठाने उभारलेल्या निधीतून लॉकहीड इलेक्ट्रा विमान मिळाले. त्याच विमानाने १९३७च्या जूनमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करताना त्या तांबड्या समुद्राकाठच्या असबहून थेट कराचीला आल्या, तिथून कलकत्त्याच्या दमदमला, मग आक्याबला. वर्षभरापूर्वीपर्यंत कराची मुंबई इलाख्यात होती. २ जुलैला हाउलंड बेटाजवळ त्या आणि दिशादर्शक फ्रेड नूनन विमानासह नाहीसे झाले. त्यानंतर त्यांच्याविषयी जेवढे लिहिले गेले त्यातले निम्म्याहून अधिक या एका दिवसाविषयी आहे. व्याख्यानांविषयी फार कमी.

पुन्हा शटॉक्वाकडे. इअरहार्ट येऊन गेल्या त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. बांधकामांचे कर्ज अंगावर होते, तिकिटे खपेनात. १९३३ साली संस्था न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेली. फिरते तंबू त्याच सुमारास कायमचे मिटले. मूळ संस्था मात्र वाचली. तंबूवाल्यांनी वक्त्याला श्रोत्याच्या दारात नेले. श्रोत्याचे त्यात तिकिटापलीकडे काही गुंतलेले नव्हते. तळ्याकाठी श्रोता स्वतः येऊन राहत होता. त्याची तिथे लाकडी घरे होती, आजीने वाचनमंडळाची पदवी इथेच घेतली होती, पोरे इथल्या पाण्यात पोहायला शिकली होती. संस्था बुडाली तर त्याचा उन्हाळा बुडणार होता. घरमालकांनी, जुन्या सभासदांनी वर्गण्या काढल्या, वेगळे मंडळ नेमून कर्ज फेडले, आणि १९३६ साली संस्था मोकळी झाली. त्याच ऑगस्टात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट इथे आले आणि युद्धाचा तिटकारा व्यक्त करणारे त्यांचे गाजलेले भाषण याच मंचावरून झाले.

पुढची काही दशके झरझर ओलांडता येतात. उन्हाळी हंगाम नऊ आठवड्यांचा झाला. प्रत्येक आठवड्याला एक विषय, रोज सकाळी मुख्य व्याख्यान, दुपारी धर्मविचार, संध्याकाळी संगीत वा नाटक. प्रॉटेस्टंट आवारात हळूहळू कॅथलिक, ज्यू आणि इतर धर्मांनाही जागा मिळाली. १८९३चे मोठे सभागृह जीर्ण झाले, तेव्हा ते पाडून नवे बांधावे की डागडुजी करावी यावर अटीतटीचा वाद झाला; २०१६ साली ते पाडले आणि पुढच्या उन्हाळ्यात नवे उघडले. वारसा जपणाऱ्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही. छप्पर आहे, बाजू उघड्या आहेत. १९०७चा मोठा ऑर्गन मात्र जसाच्या तसा. २०२०च्या साथीत सभागृह बंद राहिले आणि व्याख्याने पडद्यावर गेली.

१२ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी या मंचावर मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी बसले होते. विषय होता छळ होणाऱ्या लेखकांना आसरा देण्याचा. प्रेक्षकांतून एक तरुण धावत वर गेला आणि त्याने रश्दींवर सुऱ्याचे वार केले. रश्दी वाचले, एक डोळा गेला. त्या दिवशी मंचाकडे धावले ते प्रेक्षकच, मागे धावले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. हंगाम बंद पडला नाही. रश्दी पुढच्या वर्षी पत्नीसह तिथे परत गेले आणि त्या मंचावर उभे राहिले. ‘नाइफ’ या पुस्तकात त्यांनी ते लिहिले आहे. हल्लेखोराचा खटला तळ्याच्या टोकाला असलेल्या मेव्हिल या जिल्ह्याच्या गावी चालला, आणि २०२५ साली त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. दीडशे वर्षे रविवारचा कंटाळा म्हणून ज्या जागेची टिंगल झाली, तिला आता पिशव्या आणि ओळखपत्रे तपासावी लागतात.

संस्थेवरचा आजचा मोठा आक्षेप पैशाचा आहे. आवाराला कुंपण आहे, फाटकावर प्रवेशशुल्क आहे, आत राहण्याचा खर्च साध्या कुटुंबाला झेपणारा नाही. ज्या वाचनमंडळाने कारकुनांना आणि मास्तरणींना हाताशी धरले, त्याच्या अंगणात आता बहुतेक करून निवृत्त, सुखवस्तू मंडळी दिसतात. संस्थेला हे कळते. शिष्यवृत्त्या आहेत, व्याख्यानांची चित्रमुद्रणे आहेत. आणि एकेकाळी रविवारी कडेकोट बंद असणारे फाटक आता हंगामातल्या रविवारी सगळ्यांना फुकट उघडे असते.